‘नाही’च्या दारानं

समितीतून बाहेर आलेलं विधेयक हातात पडलं तेव्हा मी ते आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग असा काही आवाज काढला की भिंतीपलीकडून शेजारणीनं विचारलं, काय सांडलं का म्हणून. आम्ही लिहून दिलं होतं, ‘कामगाराला यंत्र थांबवण्याचा हक्क राहील.’ त्याच्या जागी आता छापलं होतं, ‘कामगाराला यंत्र थांबवण्याची विनंती करता येईल.’ विनंती! कुणाला? रोलरला?

मी लॉन्ड्रीत शिवणकाम करते. हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले माझ्या टेबलावर येतात आणि शिवून परत जातात. माझी धाकटी बहीण त्याच लॉन्ड्रीत रोलरवर होती. दोन बायकांनी ओली चादर दोन टोकांनी धरायची, ताणायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडाशी द्यायची. पलीकडे ती कडक इस्त्री होऊन निघते. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. बोटं चुकून पुढं गेली तर दांडीला लागतात, दांडी वर उचलली जाते आणि यंत्र बंद पडतं. पण चादरीची जाड किनार आली तरी दांडी उचलली जाते आणि काम खोळंबतं. म्हणून मुकादमानं ती तारेनं करकचून बांधून टाकली होती. धाकटीचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला. दांडी जागची हलली नाही.

चौकशी झाली. तपासनीस आला, त्यानं दांडी पाहिली आणि लिहिलं, दांडी आहे. नियमात म्हणे दांडी असावी एवढंच होतं, ती मोकळी असावी असं कुठं नव्हतं. मालकाचा दोष नाही, यंत्राचा दोष नाही, म्हणजे उरली कोण? माझी बहीण. तिचंच लक्ष नव्हतं असं ठरलं आणि सगळ्यांनी हात झटकले. वर्षभरानं तिच्या जागेवर तिची मुलगी उभी राहिली, कारण घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं आणि लॉन्ड्रीत दुसरी जागा रिकामी नव्हती. तीच दांडी, तीच तार. रोज मी माझ्या टेबलावरून भाचीची बोटं बघत शिवत असे. सुई किती वेळा माझ्याच बोटात गेली हे मोजायचा मी नाद सोडला होता.

म्हणून आम्हाला कायदा हवा होता. कायदा कसा होतो हे तेव्हा मला माहीत नव्हतं, आता झोपेतसुद्धा सांगेन. आमच्या भागातून निवडून आलेल्या सदस्याच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘आपला माणूस’. आम्ही आपल्या माणसाकडे गेलो. तो भला वाटला. धाकटीची बाही रिकामी बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं, हे मी आजही नाकारणार नाही. तो म्हणाला, “ताई, मी विरोधी बाकावर आहे, सरकार माझं नाही. पण साध्या सदस्यालाही विधेयक मांडता येतं. सोडत निघते. नाव निघालं तर मांडतो, शब्द देतो.”

नाव निघालं. आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मग एकेक पायरी सुरू झाली. पहिलं वाचन म्हणतात त्यात वाचत कुणीच नाही. विधेयकाचं नाव पुकारतात, सगळे हूं म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. दुसऱ्या वाचनात तत्त्व मान्य झालं. दांडी मोकळी असावी या तत्त्वाला विरोध कोण करणार? मग ते समितीकडे गेलं आणि तिथं मात्र भिजत घोंगडं पडलं. मालकांच्या संघटनेचे वकील येऊन गेले, यंत्रं विकणारे येऊन गेले, कुठल्याशा कॉलेजचे प्राध्यापक येऊन गेले. शेवटी एका सकाळी धाकटीला बोलावलं. मी तिच्या शेजारी बसले होते. गुळगुळीत टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. एका सदस्यानं चष्मा पुसत विचारलं, “त्या क्षणी तुम्ही कुणाशी बोलत होता का, आठवतं?”

धाकटी म्हणाली, “ओरडत होते, साहेब.”

त्यानं ते लिहून घेतलं. त्याला ते उत्तर वाटलं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी पाण्याची बाटली मांडीवर घेऊन दाबत बसले, नाहीतर ती कुठंतरी उडाली असती.

आणि या सगळ्या उठाठेवीतून ‘विनंती’ बाहेर आली. मी कागद घेऊन आपल्या माणसाच्या कार्यालयात धडकले. त्यानं मला खुर्ची दिली, चहा सांगितला. “ताई, समितीत माझं एकट्याचं मत. पण अजून कलमवार चर्चा आहे. सभागृहात प्रत्येक कलम वेगळं पुढे येतं. मी दुरुस्ती देतो आणि हक्क परत आणतो. दांडी बांधणं गुन्हा, या कलमाला तर समितीनं हातच लावला नाही. तेवढं झालं तरी तार उद्या निघते की नाही?”

निघते, मी म्हटलं. तेवढ्यासाठी तर जीव टांगणीला लागला होता. विनंती राहिली तरी चालेल, पण तार निघू दे.

खासगी सदस्यांच्या विधेयकांना शुक्रवारची दुपार देतात. म्हणजे सगळ्यांच्या बॅगा भरून तयार असतात ती वेळ. मी एकटीच गेले. धाकटीला पायऱ्या आणि गर्दी नको वाटते, आणि भाचीची लॉन्ड्रीत कामाची पाळी होती. प्रेक्षकांच्या सज्जात बसवताना सांगितलं, टाळ्या नाहीत, कठड्यावर हात नाही, आवाज नाही. खाली बघितलं तर निम्म्याहून जास्त बाकं ओकीबोकी. एक जण वर्तमानपत्र वाचत होता. दोघं गळ्यात गळे घालून हसत होते. एक म्हातारा सदस्य हनुवटी छातीला टेकवून शांत झोपला होता. इथं माझ्या भाचीच्या बोटांचा निकाल लागणार होता.

आपला माणूस बोलायला उभा राहिला आणि, खरं सांगते, फार सुंदर बोलला. चादर कशी धरतात, दांडी कशी असते, तार कशी बांधतात, सगळं. शिवणयंत्रासारखा न अडखळता. माझा ऊर भरून आला. मग मंत्री उठले. त्यांचा आवाज मऊ, खारवलेल्या लोण्यासारखा. सदस्यांच्या भावनांशी आपण शंभर टक्के सहमत आहोत, म्हणाले. विषय गंभीर आहे. म्हणूनच असं एका दांडीपुरतं बघून चालणार नाही, सरकार सर्व यंत्रांसाठी सर्वंकष कायदा आणण्याच्या विचारात आहे, त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमू, तिचं उपाध्यक्षपद याच सन्माननीय सदस्यांनी भूषवावं अशी आपली इच्छा आहे. “तेव्हा त्यांनी हे विधेयक मागे घ्यावं, अशी मी त्यांना विनंती करतो.”

परत विनंती! मी मनात म्हटलं, आता आपला माणूस त्यांना धुऊन काढणार. तो उठला. कोट सारखा केला. “मंत्रिमहोदयांच्या आश्वासनाचा मान राखून,” तो म्हणाला, “मी माझं विधेयक मागे घेण्याची अनुमती मागतो.”

माझं विधेयक! मला आधी कळलंच नाही. मी शेजारच्या बाईकडे बघितलं, तिनं खांदे उडवले. मग कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. हात माझ्या बहिणीचा गेला, बोटं माझ्या भाचीची पणाला लागलेली, आणि विधेयक याचं. त्याला वाटलं तेव्हा मांडणार, वाटलं तेव्हा खिशात घालून घरी जाणार. आम्हाला विचारायची पद्धतच नाही. अध्यक्ष मान वर न करता, रोज म्हणायचं तसं म्हणाले, “अनुमती आहे? कुणाचा विरोध?”

“माझा आहे!”

माझा आवाज मोठा आहे. चार मशिनांच्या घरघरीत बोलायची सवय. वर्तमानपत्र खाली झालं. म्हातारा जागा झाला. मी कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभी होते आणि अजून ओरडत होते, “माझा विरोध आहे! हो, तुम्हालाच सांगतेय!” आपल्या माणसानं वर बघितलं आणि लगेच खाली बघितलं. तोवर दोन दणकट हातांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं होतं.

हात एका पहारेकरीण बाईचे होते. तिनं मला जिन्याखालच्या खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं आणि दार उघडंच ठेवलं. “बसा गप. पाणी प्या. पुढच्या वेळी सोडणार नाहीत आत.”

“पुढची वेळ कसली आलीय? संपवलं त्यानं.”

खोलीत भिंतीवर एक स्पीकर होता. त्यातून अध्यक्षांचा आवाज येत होता. प्रेक्षकांतला आवाज कामकाजातून काढून टाकावा. मी पुन्हा विचारतो. अनुमती आहे? कुणाचा विरोध?

खर्‌र असा आवाज झाला. कुणीतरी घसा साफ करत होतं. मग एक घोगरा आवाज आला, “आहे. माझा.”

बाईनं तोंडावर हात ठेवला. “अगं बाई, डुलकीसाहेब!”

“कोण?”

“ते झोपलेले नव्हते का? सरकार पक्षातलेच. आधी मंत्री होते. यांची खुर्ची काढून त्यांना दिली,” तिनं दोन बाजूंना दोन बोटं केली, “तेव्हापासून ते मंत्र्यांना पाण्यात पाहतात. तुम्ही ओरडलात, ते जागे झाले, त्यांना आयतीच संधी मिळाली. तुमच्यासाठी नाही हो, खुन्नस आहे ती.”

“असू दे खुन्नस. पुढं काय होतं?”

“एकजण जरी नाही म्हणाला तरी मागे घेता येत नाही. मग विधेयकावरच मत घ्यावं लागतं. आता घंटा वाजेल बघा. विधेयकाला होय म्हणणारे उजव्या दारानं जातात, नाही म्हणणारे डाव्या. जाताना नाव लिहून घेतात.”

घंटा वाजली. सगळ्या इमारतीभर वाजली, शाळा सुटल्यासारखी. आणि मला वेड्या बाईला आशा वाटायला लागली. समोरून ढकलत माणसं यायला लागली. कँटीनमधून, मोटारींकडे निघालेली परत फिरून, एकजण तोंड पुसत, एकजण फोनवर “नंतर बोलतो, काहीतरी मत आहे” म्हणत. त्या खोलीच्या दारातून डावी वाट स्पष्ट दिसत होती. तिथं एक उंच माणूस रहदारीच्या पोलिसासारखा उभा होता.

“काय आहे?” एकानं धावत येऊन विचारलं.

“लॉन्ड्री. डावीकडे.”

“लॉन्ड्री?”

“अहो डावीकडे जा म्हणतो ना!”

आणि तो गेला. त्याच्यामागे दुसरा गेला. कुणी विचारलं नाही लॉन्ड्रीचं काय. दांडी नाही, तार नाही, हात नाही. मला वाटलं उठावं आणि एकेकाची कॉलर धरून सांगावं. बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो तिनं काढला नाही. डुलकीसाहेब उजव्या वाटेनं गेले असतील, ते मला दिसले नाहीत. त्यांच्यामागे आणखी थोडे गेले, म्हणाली बाई.

सगळ्यात शेवटी आपला माणूस आला. मध्यभागी थांबला. त्याला उजवीकडे जायला कुणीही अडवत नव्हतं. मागे घेता आलं नाही तर नाही, विधेयक अजून जिवंत होतं, आणि त्याचं स्वतःचं होतं. त्याचं लक्ष जिन्याखाली गेलं आणि मी दिसले. मी काहीच बोलले नाही. एवढं आयुष्यात पहिल्यांदाच जमलं. त्यानं चष्मा सारखा केला, उंच माणसाकडे बघून मान हलवली आणि डाव्या दारानं आत गेला.

विधेयक पडलं. स्पीकरनं तसं सांगितलं, आणि पुढच्या वाक्यात सभागृह सोमवारपर्यंत स्थगित झालं. बाई म्हणाली, “घरी जा, ताई.” मला तिचा राग आला नाही. तिच्याशिवाय त्या दिवशी सगळ्यांचा आला.

घरी धाकटीला सांगताना मी आदळआपट केली. ताट आपटलं, पातेलं आपटलं, भाची म्हणाली, “मावशी, पातेल्यानं काय केलंय?” धाकटी मात्र ऐकत राहिली. सगळं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, “तू नीट बघितलंस? डावंच दार?”

रविवारी तो आला. एकटा, हातात फळांची पिशवी. आमच्या खोलीत खुर्ची एकच, ती त्याला दिली. तो बोलायला लागला तो थांबेना. राजकारणात दोन पावलं मागे यावं लागतं. इथं मंजूर झालं असतं तरी वरच्या सभागृहात अडकलं असतं. समिती मिळाली हेच मोठं आहे, समितीत आता आपलं वजन राहील. “आणि मत द्यायची वेळ आली तेव्हा मी शब्द देऊन बसलो होतो, ताई. मंत्र्यांना दिलेला शब्द फिरवला असता तर उद्या त्यांनी समितीच नेमली नसती.”

“शब्द आम्हालाही दिला होतात,” मी म्हटलं.

“मोठं चित्र बघा, ताई.”

“बघते ना! रोज बघते, टेबलावरून! तुम्ही कधी बघितलंय का?”

धाकटीनं मान वर केली. “खरंच, साहेब. तुम्ही रोलर बघितलाय कधी?”

त्यानं फोटो बघितले होते. अहवाल वाचले होते. इतकं सुंदर भाषण केलं होतं.

“चला,” धाकटी उठत म्हणाली. “हॉस्पिटलला रविवार नसतो. लॉन्ड्री चालू आहे. पोरीची पाळी आहे.”

हाताचं झाल्यापासून ती त्या गल्लीत पाऊल टाकत नव्हती. ती पुढं, तो मध्ये, मी मागे. त्याला नाही म्हणता आलं असतं, पण वाटेत लोक नमस्कार करत होते, कसं म्हणणार? मुकादमानं सदस्याला बघून लगबगीनं दार उघडलं. आत वाफ, साबणाचा उग्र वास आणि तो आवाज. भाची आणि तिची जोडीदारीण चादर ताणून रोलरच्या तोंडाशी देत होत्या. चादर सर्रकन आत गेली. बोटं सुटली. दुसरी चादर. बोटं दांडीच्या इतकी जवळ जात होती की त्यानं स्वतःचा हात एकदम मागं ओढला आणि कोटाच्या खिशात घातला. हे मी पाहिलं. धाकटीनंही पाहिलं.

“थांबवा!” तो ओरडला. खरंच ओरडला, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “ही तार सोडा आधी. मुकादम, सोडा म्हणतो ना मी ती तार!”

मुकादम काही वाईट बोलला नाही. तो गोंधळला होता, आणि मोठ्या माणसापुढं अदबीनं विचारावं तसं त्यानं विचारलं, “कुठल्या कायद्यानं, साहेब?”

रोलर फिरत होता. आपल्या माणसानं माझ्याकडे बघितलं, मग धाकटीकडे.

“सांगा ना त्याला,” धाकटी म्हणाली.

मग तो म्हणाला की समितीच्या पहिल्याच बैठकीत तो हे मांडेल. हे तो कुणाकडे बघून म्हणाला ते मला सांगता येणार नाही. मुकादम मान डोलवत त्याला दारापर्यंत सोडायला गेला, आणि मी मागून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याला ऐकू गेलं, एवढं समाधान आहे.

यंत्र बंद करायचा खटका तिथं मागच्या भिंतीवर आहे. रोलरवर उभ्या बाईचा हात तिथं पोचत नाही. धाकटीनं माझ्या टेबलाखालचं स्टूल पायानं ढकलत नेलं, त्या भिंतीला लावलं आणि बसली. मुकादम परत आला. “अहो, बाहेरच्या माणसाला इथं बसता येत नाही.”

“काढ मला बाहेर.”

त्यानं तिच्या रिकाम्या बाहीकडे बघितलं, आजूबाजूच्या बायकांकडे बघितलं. चादरी घेणाऱ्या दोघी थांबल्या होत्या. मी कात्री हातात घेऊन उभी होते, का ते मलाच माहीत नाही. तो काहीतरी पुटपुटत निघून गेला.

ते सर्वंकष विधेयक अजून आलेलं नाही. समिती नेमली आहे, तिची मुदत वाढवली आहे. धाकटी रोज येते. मुलीचं काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ती भिंतीशी बसते, कुणाशी बोलत नाही, पाणी प्यायलाही उठत नाही. नजर मुलीच्या बोटांवर असते आणि उरलेला हात खटक्यावर.